लष्करातील जुना ट्रेलर पिकअपमागे जोडताना

कोकणातील बागायतदाराची वाहतुकीची गरज देशावरच्या शेतकऱ्यापेक्षा वेगळी आहे. रत्नागिरी जिल्ह्यात बागा डोंगरउतारावर आहेत, रस्ते अरुंद आहेत आणि बागेत उतरणारी वाट बहुधा जांभ्या दगडात खोदलेली असते. अशा वाटेवर ट्रॅक्टरची मोठी ट्रॉली वळत नाही. बैलगाडी बहुतेक गावांतून गेली. त्यामुळे ज्यांच्याकडे पिकअप आहे ते शेतकरी तिच्यामागे जोडता येईल असा लहान, दोन चाकांचा आणि दणकट ट्रेलर शोधत असतात. लष्कराच्या वापरातून निघालेला जुना मालवाहू ट्रेलर या गरजेला चांगला उतरतो. त्याचा पत्रा जाड, सांगाडा भक्कम आणि चाके उंच असतात. दुरुस्तीसाठी लागणारे बरेचसे भाग जुन्या जीपच्या गॅरेजमध्ये मिळतात.

शेतकरी बंधूंनो, या ट्रेलरचा दणकटपणा हाच त्याचा धोकाही आहे. हौदा मजबूत दिसतो म्हणून तो काठोकाठ भरला जातो. परंतु उतारावर तो थांबवायचा असतो पुढच्या पिकअपच्या ब्रेकने. म्हणून ट्रेलर किती माल पेलतो एवढेच न पाहता, आपली गाडी घाटात किती वजन थांबवू शकते ते आधी पाहावे. खरेदी, दुरुस्ती आणि वापर या तिन्ही टप्प्यांवर हे सूत्र धरून पुढील माहिती दिली आहे.

हा ट्रेलर मुळात कशासाठी होता?

लष्करातील लहान मालवाहू ट्रेलरपैकी सर्वांत परिचित म्हणजे जीपमागचा 'पाव टनी' ट्रेलर. दुसऱ्या महायुद्धात (१९३९-४५) अमेरिकन सैन्याने जीपबरोबर तो मोठ्या प्रमाणावर वापरला. आपल्याकडे १९४७ पासून महिंद्रने मुंबईत जीप जुळवण्यास सुरुवात केली आणि जीप व तिचा ट्रेलर ही जोडी सैन्यात व नागरी कामात रुळली. ट्रकमागे जोडावयाचे एक टनी ट्रेलरही सैन्यात असतात. परंतु ते साध्या पिकअपला जड पडतात. येथे पाव टनी ट्रेलरचाच प्रामुख्याने विचार केला आहे.

या ट्रेलरचे रिकामे वजन सुमारे २५० किलो असते. खडबडीत जमिनीवर त्यात भरावयाच्या मालाची मूळ मर्यादा ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२५ किलो, इतकीच ठरवलेली होती. 'पाव टनी' या नावातच ती मर्यादा सांगितलेली आहे. हौदा पाणी न शिरणारा असून नदीनाला ओलांडताना तो तरंगावा अशी त्याची रचना होती. म्हणूनच त्याच्या तळाला पाणी काढून टाकण्यासाठी बुचे असतात. पुढे गोल लोखंडी कडे असते व ते जीपच्या मागील हुकात अडकते. चालत्या गाडीत लागणारा ब्रेक त्याला नसतो. फक्त उभा करून ठेवण्यासाठी हाताने ओढावयाचा ब्रेक असतो.

कागदपत्रे आधी, व्यवहार नंतर

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार सार्वजनिक रस्त्यावर ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी आवश्यक आहे. लष्करी वाहनांची नोंद लष्कराकडे वेगळी असते. वाहन संरक्षण कामातून बाहेर पडले की त्याला नागरी नोंदणी घ्यावी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार लष्करातून निघालेल्या वाहनाच्या नोंदणीसाठी संबंधित लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेला नमुना २१ मधील मूळ विक्री दाखला जोडावा लागतो. पुढील बाबी लक्षात ठेवाव्यात.

१) लष्कराचे निरुपयोगी साहित्य आता एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीमार्फत संगणकीय लिलावातून विकले जाते. जे साहित्य 'भंगार' म्हणून विकले गेले, त्याची वाहन म्हणून नोंदणी होईल असे गृहीत धरू नये.

२) सरकारी मालकीच्या १५ वर्षांहून जुन्या वाहनांची नोंदणी पुढे चालू न ठेवता ती भंगारात काढण्याचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला आहे. संरक्षणाच्या प्रत्यक्ष कामगिरीसाठीची खास वाहने त्यातून वगळलेली आहेत. आपण पाहिलेला ट्रेलर कोणत्या गटात मोडतो, हे रत्नागिरीच्या परिवहन कार्यालयात आधी विचारावे.

३) पूर्वीच एखाद्या नागरिकाच्या नावावर नोंद झालेला ट्रेलर घेणे सर्वांत सोपे. अशा वेळी नोंदणी पुस्तकातील चासी क्रमांक व ट्रेलरवर ठोकलेला क्रमांक स्वतः ताडून पाहावा.

४) आपल्या पिकअपमागे ट्रेलर जोडण्यास कंपनीची परवानगी आहे काय आणि किती वजनापर्यंत, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. उल्लेख नसल्यास अधिकृत विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

५) ट्रेलरचा विमा उतरवावा आणि पिकअपच्या विमा कंपनीलाही ट्रेलर जोडत असल्याचे कळवावे. अपघात झाल्यावर 'ट्रेलरची नोंद नव्हती' या एका कारणावरून भरपाई अडू शकते.

कागद नसलेला ट्रेलर कितीही स्वस्त मिळाला तरी तो सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, मग तो गावातला कच्चा रस्ता का असेना. स्वतःच्या कुंपणाच्या आतच वापरावयाचा असेल तरच अशा ट्रेलरचा विचार करावा.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

रंगावर जाऊ नये. भंगारवाले ट्रेलर विकण्यापूर्वी बहुधा वरून एक हात रंग मारतात. सोबत लहान हातोडी, टॉर्च आणि टेप घेऊन जावे.

सांगाडा : हातोडीने चॅनेलवर ठिकठिकाणी हलके ठोकावे. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत आहे. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे पडले तर आतून गंजले आहे असे समजावे. पाटे जेथे सांगाड्याला अडकवलेले असतात ती जागा, दांडा जेथे हौद्याखाली शिरतो तो जोड आणि पाणी साठणारे कोपरे विशेष तपासावेत. दांड्याला उभी चीर असल्यास तो ट्रेलर शक्यतो सोडून द्यावा.

सरळपणा : कड्याच्या मध्यापासून ॲक्सलच्या डाव्या टोकापर्यंत व उजव्या टोकापर्यंत टेपने अंतर मोजावे. दोन्ही अंतरे सारखी हवीत. एक सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर ट्रेलर गाडीमागे तिरका चालतो व टायर लवकर झिजतात.

कडे : गोल कड्याची आतली बाजू वर्षानुवर्षे हुकावर घासून पातळ होते. जाडी सगळीकडे सारखी आहे का ते पाहावे. झिजलेल्या कड्यावर वेल्डिंगचा थर चढवून काम भागवू नये, कडे बदलावे.

रिम : काही जुन्या लष्करी चाकांची रिम दोन तुकड्यांची असून ती बोल्टने जोडलेली असते. टायरमधील हवा पूर्णपणे काढल्याशिवाय हे बोल्ट कधीही सोडू नयेत. हवेच्या दाबाने रिमचा तुकडा उडून माणूस जागीच दगावू शकतो. अशी रिम असल्यास साधी एकसंध रिम बसवून घेणे उत्तम.

गंज काढणे व रंग देणे

रत्नागिरीत वर्षाला ३००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो आणि किनाऱ्यावरच्या हवेत मीठ असते. त्यामुळे घाटावर टिकणारे रंगकाम येथे टिकत नाही. रंग सोलला जाण्याचे मुख्य कारण म्हणजे रंगाखाली अडकलेले मीठ. म्हणून पहिले काम गंज घासण्याचे नसून ट्रेलर गोड्या पाण्याने स्वच्छ धुण्याचे आहे.

हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करावे. हवा कोरडी असते आणि आंब्याच्या काढणीपूर्वी ट्रेलर तयार होतो. कामाचा क्रम असा ठेवावा.

१) हौदा, ॲक्सल व चाके सुटी करावीत. सांगाडा खालून-वरून धुऊन दोन दिवस उन्हात वाळवावा.

२) तारेच्या ब्रशने किंवा ग्राइंडरवरील तारेच्या चाकाने गंज काढावा. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. म्हणून तोंडाला चांगला मास्क व डोळ्यांना चष्मा लावावा. हे काम विहिरीजवळ, गोठ्याजवळ किंवा मुले खेळतात तेथे करू नये. खरवडलेला रंग गोळा करून वेगळा ठेवावा, शेतात टाकू नये.

३) कुजलेला पत्रा कापून त्याच जाडीचा नवा पत्रा जोडावा. गंजलेल्या पत्र्यावर ठिगळ मारल्यास मधल्या फटीत पाणी राहते व दोन पावसाळ्यांत ठिगळही जाते.

४) सांगाड्याचे वेल्डिंग अनुभवी कारागिराकडूनच करून घ्यावे. ट्रेलर पिकअपला जोडलेला असताना वेल्डिंग करू नये. गाडीतील विजेची उपकरणे जळतात.

५) साफ केलेल्या लोखंडाला त्याच दिवशी प्राइमरचा पहिला हात द्यावा. किनाऱ्यावर उघडे लोखंड एका रात्रीत तांबूस होते. प्राइमरचे दोन व रंगाचे दोन असे चार पातळ हात द्यावेत. एकच जाड हात दिल्यास तो आतून ओला राहतो.

६) चासी क्रमांक व त्याची पट्टी घासू नये. तो क्रमांक गेला तर ट्रेलरची ओळखच गेली.

७) मूळचा हिरवट लष्करी रंग पुन्हा देऊ नये. केंद्रीय मोटार वाहन नियमातील नियम १२१ प्रमाणे संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज इतर वाहनांना ऑलिव्ह ग्रीन रंग देण्यास मनाई आहे. सैन्याचे क्रमांक व खुणाही पुसून टाकाव्यात. पिवळा किंवा पांढरा यांसारखा उठून दिसणारा रंग रात्रीच्या वेळीही उपयोगी पडतो.

हौद्याच्या तळाची बुचे हरवली असतील तर ती भोके बुजवू नयेत. उलट ती मोकळी ठेवावीत. तळाला लाकडी फळ्यांची जाळी टाकावी. त्यामुळे पाणी वाहून जाते, क्रेटखाली हवा खेळते आणि पत्रा घासला जात नाही.

चाके, बेअरिंग व पाटे

ट्रेलर रस्त्यात बंद पडतो तो बहुधा बेअरिंगमुळे. अनेक वर्षे उभ्या असलेल्या ट्रेलरचे ग्रीस वाळून साबणासारखे होते. खरेदीनंतर बेअरिंग चांगले वाटले तरी ते उघडावेच. रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन, वाळवून त्यावर निळसर डाग, खड्डे किंवा गंज आहे काय ते पाहावे. शंका आल्यास बेअरिंग व त्याची बाहेरची कडी दोन्ही बदलावीत. नवे सील घालावे. एपी-३ प्रकारचे लिथियमयुक्त ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगच्या रोलरमध्ये दाबून भरावे. जुन्या ग्रीसवर नवे ग्रीस घालू नये.

नट आवळताना चाक फिरवत राहावे. चाक जड फिरू लागले की नट थोडा, साधारण एक षष्ठांश फेरा, सैल करून त्याचे कुलूप बसवावे. नंतर चाक वरून व खालून धरून हलवून पाहावे. जाणवेल इतका खेळ राहू नये, पण चाक सहज फिरावे. पहिल्या १५-२० किलोमीटरनंतर थांबून हाताने हब चाचपावा. तो चटका बसण्याइतका तापला असेल तर नट जास्त आवळला गेला आहे.

काही जुन्या जीपच्या डाव्या चाकाचे नट उलट आट्याचे असतात. ते न कळल्याने स्टड मोडले जातात. नट सुटत नसल्यास जोर लावण्यापूर्वी आटे कोणत्या बाजूचे आहेत ते पाहावे.

पाव टनी ट्रेलरला मूळचे ६.००-१६ मापाचे टायर असतात व ते आजही मिळतात. दोन्ही टायर एकाच प्रकारचे घ्यावेत. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो. त्यातील पहिले दोन अंक आठवडा व पुढचे दोन वर्ष दाखवतात. उदाहरणार्थ, २३१९ म्हणजे २०१९ मधील तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी बाजूला बारीक भेगा पडलेला जुना टायर घाटात वापरू नये.

पाट्यांपैकी एकही पाते तुटलेले नसावे. दोन्ही बाजूंची कमान सारखी असावी. मालाची मर्यादा वाढेल या समजुतीने जादा पाती घालू नयेत. त्यामुळे ॲक्सल, कडे आणि ब्रेक यांची ताकद वाढत नाही. फक्त ट्रेलर जास्त उडतो. यू-बोल्ट नवे घालून पहिल्या १०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत.

गाडीला जोडणी

हूक पिकअपच्या बंपरला कधीही लावू नये. तो चासीच्या दोन्ही दांड्यांना जोडलेल्या आडव्या बीमवर, बोल्टने बसवावा. गोल कड्याला जबड्यासारखा मिटणारा व पिनेचे कुलूप असलेला हूकच लागतो. गोळ्याची जोडणी या कड्याला चालत नाही. सळई वाकवून केलेला आकडा हा तर अपघाताला आमंत्रणच ठरतो.

हुकाची उंची अशी ठेवावी की माल भरल्यावर ट्रेलर जमिनीला समांतर राहील. हुकाखेरीज दोन स्वतंत्र साखळ्या दांड्याखालून एकमेकींवर फुली करून गाडीला अडकवाव्यात. हूक सुटला तरी दांडा या फुलीवर टेकतो, रस्त्यात रुतत नाही.

दिवे : लष्करी ट्रेलरचे दिवे त्यांच्या काळाप्रमाणे ६ किंवा २४ व्होल्टचे असतात. पिकअपची वीज १२ व्होल्टची असते. म्हणून जुनी वायरिंग पूर्ण काढून टाकावी. मागचे दिवे, ब्रेकचे दिवे, दोन्ही बाजूंचे इंडिकेटर आणि क्रमांकपट्टीचा दिवा नव्याने बसवावा. अर्थिंगची तार वेगळी घ्यावी; हुकातून अर्थिंग मिळेल यावर विसंबू नये. मागे लाल परावर्तक व बाजूंना चमकणाऱ्या पट्ट्या लावाव्यात. ट्रेलरचा स्वतःचा नोंदणी क्रमांक त्याच्या बाजूवर आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक मागे दिसला पाहिजे.

ब्रेक आणि घाट

ट्रेलरला चालता ब्रेक नसल्याने त्याचे सगळे वजन उतारावर पिकअपला मागून ढकलत असते. बारा मीटरला एक मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर एकूण ५०० किलोचा ट्रेलर गाडीला सुमारे ४२ किलोच्या जोराने ढकलतो. तोच १६०० किलोचा झाला तर हा जोर सुमारे १३५ किलो होतो, आणि तोही वळणावर तिरका लागतो. वेग ताशी ४० वरून ६० किलोमीटर केला तर थांबवण्यासाठी ब्रेकला सव्वादोन पट काम करावे लागते.

युरोपातील नियमांत ब्रेकशिवायच्या ट्रेलरचे एकूण वजन ७५० किलोपर्यंत आणि ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या निम्म्यापर्यंतच चालते. आंबा घाट, कुंभार्ली घाट किंवा अणुस्कुरा घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या गाडीने या मर्यादेच्या पुष्कळ खाली राहणेच शहाणपणाचे आहे. आपल्या ट्रेलरच्या नोंदणी पुस्तकात लिहिलेले एकूण वजन ही तर कायद्याची मर्यादा आहे.

हातब्रेक दुरुस्त करताना त्याची तार मोकळी फिरते का ते पाहावे. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ड्रममधील धूळ फुंकू नये किंवा हवेने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. दुरुस्तीनंतर भरलेला ट्रेलर चढावर उभा करून, चाकांमागे ठोकळे तयार ठेवून, ब्रेक धरतो का याची परीक्षा घ्यावी.

किती माल भरावा?

समजा आपल्या ट्रेलरचा हौदा १.८ मीटर लांब, १ मीटर रुंद व ०.४५ मीटर खोल आहे. म्हणजे त्यात ०.८१ घनमीटर माल मावतो. तो सपाट भरला तर वजन साधारण असे होते.

ओली माती किंवा वाळू : सुमारे १३८० किलो (मर्यादेच्या सहा पट)
पाणी : ८१० किलो (साडेतीन पटीहून अधिक)
शेणखत : सुमारे ४९० किलो (दुपटीहून अधिक)

आता उलट हिशेब करावा. २२५ किलोच्या मर्यादेत काय बसते?

ओली माती : तळावर सुमारे ७ से.मी., म्हणजे चार बोटे
शेणखत : सुमारे २० से.मी., म्हणजे निम्म्याहून कमी हौदा
पाणी : २०० लिटरचा एक पिंप
जांभ्याचे चिरे (सुमारे ३० किलोचा एक) : सात
आंब्याचे भरलेले क्रेट (क्रेटसह सुमारे २२ किलोचा एक) : दहा

हा हिशेब प्रत्येक खेपेला कोणी करीत बसत नाही. म्हणून हौद्याच्या आतल्या बाजूवर रंगाने दोन रेषा मारून घ्याव्यात : खालच्या रेषेवर 'माती' व वरच्या रेषेवर 'शेणखत' असे लिहावे. गाडी भरणाऱ्या गड्याला तोंडी सूचना देण्यापेक्षा ही रेषा जास्त उपयोगी पडते. पाण्याचा पिंप अर्धा भरू नये. अर्धवट पिंपातील पाणी वळणावर हिंदकळते व ट्रेलर डुलतो. पिंप पूर्ण भरून, घट्ट झाकून, मधोमध बांधावा.

पिकअप स्वतःच पूर्ण भरलेली असेल तर तिच्यामागे भरलेला ट्रेलर जोडू नये. इंजिन, क्लच आणि ब्रेक दोन्ही वजने एकत्र ओढत-थांबवत असतात.

माल भरण्याची व चालवण्याची रीत

१) एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा कड्यावर आला पाहिजे. ४७५ किलोच्या भरलेल्या ट्रेलरच्या कड्याखाली लाकडी ठोकळा व वजनकाटा ठेवल्यास साधारण ४५ ते ५० किलो दिसावेत. वजन मागे गेले तर ट्रेलर वेगात शेपटीसारखा डुलतो आणि सोडताना दांडा एकदम वर उसळतो.

२) हापूस आंबा शक्यतो पिकअपमध्ये ठेवावा, ट्रेलरमध्ये नव्हे. ट्रेलरचे पाटे ताठ असतात व जुन्या ट्रेलरचे धक्के शोषणारे भाग बहुधा निकामी झालेले असतात. देठासह काळजीपूर्वक झेल्याने उतरवलेले फळ खडबडीत वाटेवर ट्रेलरमध्ये आदळून डागाळते व त्याचा भाव जातो. रिकामे क्रेट, झेले, शिड्या, फवारणीचा पंप, पाण्याचा पिंप, गवत, खत हा ट्रेलरचा खरा माल.

३) ट्रेलरमध्ये माणसे बसवू नयेत. हंगामात बागेत कामाला आलेल्या गड्यांना, विशेषतः नेपाळी कामगारांना, रिकाम्या ट्रेलरमधून नेण्याचा मोह होतो. रिकामा ट्रेलर भरलेल्यापेक्षा जास्त उडतो. उलटला तर बाहेर फेकल्या गेलेल्या माणसाला वाचवणे कठीण. कायद्यानेही ही वाहतूक चालत नाही आणि विमाही मिळत नाही.

४) वेग चांगल्या रस्त्यावरही ताशी ४० किलोमीटरच्या आसपास ठेवावा. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावा. ब्रेक सतत दाबून ठेवू नये. जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबून ब्रेक थंड होऊ द्यावेत. त्यावर पाणी ओतू नये.

५) मागे घेताना स्टिअरिंग खालच्या बाजूला धरावे. ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्या बाजूला हात हलवावा. आखूड ट्रेलर चटकन दुमडतो. म्हणून थोडे थोडे मागे घ्यावे आणि बाहेर एक माणूस उभा ठेवावा.

६) ट्रेलर सोडण्यापूर्वी हातब्रेक ओढावा, दोन्ही चाकांना ठोकळे लावावेत, पुढचा पाय खाली करावा आणि मगच हूक उघडावा.

वर्षभराची निगा

रासायनिक खत, विशेषतः म्युरेट ऑफ पोटॅश वाहिल्यावर हौदा त्याच दिवशी धुवावा. हे खत म्हणजे एक प्रकारचे क्षारच असल्याने पत्रा वेगाने खातात. मासळी वा बर्फ वाहिल्यासही तसेच करावे. कीटकनाशके वाहिलेल्या हौद्यात धुतल्याशिवाय फळे ठेवू नयेत.

मे अखेरीस, मृगापूर्वी, ट्रेलर धुऊन, रंग उडालेल्या जागी प्राइमर लावून, कड्याला व हुकाला ग्रीस चोपडून छपराखाली ठेवावा. दांडा थोडा उंच करून पाणी मागे वाहील असे पाहावे. चाके जॅकवर उचलून ठेवल्यास टायर एका जागी बसत नाहीत. पावसाळ्यानंतर दसऱ्याच्या सुमारास बेअरिंग उघडून ग्रीस बदलावे, हातब्रेक व दिवे तपासावेत.

परवडते का?

खरेदीची किंमत हा खर्चाचा एक भाग आहे. टायर, बेअरिंग, सील, पाटे, हूक, वायरिंग, वेल्डिंग, रंग, नोंदणी आणि विमा यांची बेरीज कागदावर मांडावी. त्यासाठी जवळच्या गॅरेजमधून किंवा मिरजोळे औद्योगिक वसाहतीतील कारखान्यातून आधीच अंदाजपत्रक घ्यावे. ही बेरीज नोंदणीयोग्य नव्या ट्रेलरच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त होत असेल तर जुन्याचा मोह सोडावा. दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून एक ट्रेलर घेतला तर खर्च विभागतो. मात्र नोंदणी, विमा आणि देखभालीची जबाबदारी एकाच्या नावावर स्पष्ट ठेवावी. यंत्र व अवजारांविषयी तांत्रिक शंका असल्यास दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयाशी संपर्क साधावा.

थोडक्यात, कागद पाहून ट्रेलर घ्यावा, सांगाडा ठोकून पाहावा, मीठ धुऊन रंग द्यावा, बेअरिंग उघडून बसवावे आणि हूक चासीला लावावा. माल मात्र रेषेपर्यंतच भरावा. हौद्यात अजून जागा दिसते म्हणून आणखी चार घमेली टाकण्यापूर्वी समोरचा उतार आठवावा. एक खेप वाढली तर अर्धा तास व थोडे डिझेल जास्त जाईल. घाटात ब्रेक न लागल्यास गाडी, माल आणि माणूस तिन्ही जातील.